वकीलसाहेब कोणत्या नात्यानं बोलतात?

बेळगावात चन्नम्मा चौकातून कोर्टाच्या आवारात शिरलं की सकाळी अकराच्या सुमाराला एक गोष्ट हमखास बघायला मिळते. खानापूरकडचा कुणी म्हातारा, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, प्लास्टिकच्या पिशवीतून चार घड्यांचा कागद काढतो आणि जो पहिला काळा कोट दिसेल त्याच्यापुढे धरतो. "साहेब, हे जरा वाचून सांगा की." कागद कन्नडमध्ये असतो आणि म्हाताऱ्याची शाळा मराठी चौथीपर्यंतची. बहुतेक वेळा मोठी भानगड नसते. वारसा नोंदीची नोटीस असते, भावकीतल्या कुणी हरकत घेतलेली असते, नाहीतर सोसायटीच्या कर्जाचं पत्र असतं. वकील उभ्याउभ्या वाचतो आणि सांगतो, "मामा, घाबरू नका. सोमवारी तहसीलदार ऑफिसात जाऊन या, संगती उतारा घेऊन जावा." पैसे घेत नाही. म्हातारा जाताना नाव तेवढं विचारून घेतो.

ते नाव गावात पोचतं. महिन्याभरात त्याच गावची आणखी दोघंतिघं तोच कोट शोधत येतात. वकील भाषणं ठोकून राजकारणात शिरतो असं बाहेरच्यांना वाटतं. मी जे बघत आलोय त्यात तो असा, कागद वाचून देता देता शिरतो. सरकारची भाषा एक आणि घरची दुसरी असली की मधल्या माणसाला आपसूक वजन येतं. आज अशील म्हणून आलेला माणूस उद्या मतदार असतो, आणि परवा एखादा आमदार त्याच वकिलाला गाडीत बसवून घेतो. "साहेब, आता काय करूया सांगा."

म्हणजे वकील, पुढारी आणि सल्लागार अशी तीन कामं एकाच माणसाकडे येतात. खरा घोटाळा इथून सुरू होतो. चौकातल्या सभेत तो म्हणतो, "बेळगाव आमचं आहे." कोर्टात म्हणतो, "हा दावा कलम १३१ खाली चालण्यास पात्र आहे." आणि बंद खोलीत म्हणतो, "आपले दोन उमेदवार उभे राहिले तर दोघंही पडतील." तिन्ही वाक्यं त्याच तोंडची, तरी प्रत्येकाचं वजन वेगळं. ऐकणारे मात्र सगळं एकाच तराजूत टाकतात आणि मग "वकीलसाहेब फिरले" म्हणतात.

आधी साधी गोष्ट घेऊ. वकिलीची पदवी झाली की राज्याच्या बार कौन्सिलकडे नाव नोंदवायचं, म्हणजे सनद मिळते. त्यावर बार कौन्सिलची अखिल भारतीय परीक्षा. पहिली काही वर्षं सीनियरच्या हाताखाली जातात आणि त्या वर्षांत मिळकत म्हणजे जवळजवळ नावालाच. घरचे विचारतात, "एवढं शिकून काय मिळालं?" मिळतं ते वेगळंच असतं. तारीख पुढं ढकलता येते, ज्युनियरला पाठवता येतं, आणि संध्याकाळ आपली असते. शाळामास्तरला मोर्चाला जायचं तर रजा काढावी लागते. सरकारी नोकराला निवडणूक लढवायची तर आधी नोकरी सोडावी लागते. वकिलाला यातलं काही करावं लागत नाही.

आमदार झाल्यावर वकिली करता येते का? हा प्रश्न मला बरेच जण विचारतात. येते. बार कौन्सिलच्या नियमांतला ४९ वा नियम म्हणतो की पूर्णवेळ पगारी नोकरी असलेल्याला वकिली करता येणार नाही. आमदार-खासदारांनाही पगार मिळतो, मग त्यांनाही बंदी घाला, अशी मागणी सुप्रीम कोर्टात गेली होती. २५ सप्टेंबर २०१८ रोजी कोर्टानं ती फेटाळली. कारण असं की आमदाराला मानधन मिळत असलं तरी तो कुणाचा नोकर नाही. सरकार त्याचं मालक नाही. मंत्री झाला की मात्र कोट खुंटीला जातो. निकाल कायद्याला धरून आहे. तरी सकाळी सरकारविरुद्ध दावा चालवायचा आणि संध्याकाळी त्याच सरकारच्या मंत्र्याकडे आपल्या मतदारसंघाचा रस्ता मागायचा, ही कसरत मला पटत नाही, हेही सांगून टाकतो.

बेळगावला वकिलांची वाण कधीच नव्हती. टिळकवाडीतलं राजा लखमगौडा लॉ कॉलेज १९३९ चं. देशाचे ॲटर्नी जनरल राहिलेले के. के. वेणुगोपाल इथंच कायदा शिकले. पण कायदेपंडितानं राजकारण कसं करावं याचा धडा बेळगावनं त्याच्याही आधी पाहिला होता, १९१६ साली.

त्या वर्षी एप्रिलच्या अखेरीला लोकमान्य टिळकांनी बेळगावात होमरूल लीग स्थापली आणि १ मे रोजी भाषण केलं. टिळक एलएलबी होते. वकिली त्यांनी केली नाही, कायद्याचे वर्ग मात्र घेतले. मंडालेहून सुटून दोन वर्षंही झाली नव्हती, राजद्रोहाचं कलम डोक्यावर टांगलेलं. अशा वेळी त्यांनी वेदान्त काढला. ब्रह्म जसं अव्यक्त, तसं एक न दिसणारं सरकार, म्हणजे बादशहा. आणि आपल्याला रोज दिसणारं, बदलणारं सरकार म्हणजे नोकरशाही. आमची तक्रार या दुसऱ्याशी आहे, पहिल्याशी भांडण नाही. श्रोत्यांना हवं ते कळलं. सरकारलाही कळलं. बेळगावचं एक आणि अहमदनगरची दोन भाषणं धरून टिळकांवर खटला झाला, आणि पुण्याच्या मॅजिस्ट्रेटनं वर्षभर नीट वागण्याचा वीस हजारांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन मागितले. मुंबई हायकोर्टात टिळकांची बाजू बॅरिस्टर जीना यांनी मांडली. नोव्हेंबर १९१६ मध्ये हायकोर्टानं हुकूम रद्द केला: भाषण सगळं मिळून वाचायचं, सुट्या शब्दांवरून ठरवायचं नाही.

बेळगावच्या भाषणाला त्या दिवशी एकाच वेळी दोन श्रोते होते, समोरची माणसं आणि उद्याचा न्यायाधीश. टिळक पुढारी म्हणून बोलत होते, तरी आतला कायद्याचा माणूस एकेक शब्द मोजत होता. आजच्या सभांतली भाषणं ऐकताना मला ही मोजणी फारशी आढळत नाही.

आठ वर्षांनी, डिसेंबर १९२४ मध्ये, बेळगावातच काँग्रेसचं अधिवेशन भरलं. अध्यक्ष गांधीजी, म्हणजे असा बॅरिस्टर की ज्याचं नाव लंडनच्या इनर टेंपलनं दोनच वर्षांपूर्वी पटावरून काढून टाकलं होतं. पण तो वेगळा विषय.

आता सीमाप्रश्नाकडे येतो, कारण सल्ला म्हणजे काय आणि त्याची ताकद किती, हे तिथं लख्ख दिसतं.

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्यं भाषावार झाली आणि मुंबई राज्यातलं बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेलं. बेळगाव महाराष्ट्रात यावं म्हणून झगडणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचा कुठलाही जुना कार्यकर्ता गाठा, तो बोटं मोजत सांगेल: "खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा." हे त्याला पाठ असतं. कुठून आलं विचारलं तर म्हणेल, पाटसकर. हे पाटसकर कोण, हे मात्र दहातल्या नऊ जणांना सांगता येत नाही.

हरि विनायक पाटसकर हे खानदेशातले वकील. १९५२ साली जळगावातून लोकसभेत गेले, नेहरूंच्या मंत्रिमंडळात कायद्याचं काम पाहिलं, पुढं मध्य प्रदेशचे राज्यपाल झाले. आंध्र आणि मद्रास या राज्यांत सीमेवरून वाद होता तेव्हा मध्यस्थ म्हणून त्यांना नेमलं. त्यांनी तालुका किंवा जिल्हा न धरता खेडं धरलं आणि गावागणिक हिशेब मांडला. दोन्ही राज्यांनी निवाडा मानला, संसदेनं १९५९ मध्ये सीमाबदलाचा कायदा केला आणि गावं इकडची तिकडं झाली. वकील, पुढारी आणि सल्लागार या तिन्ही भूमिका सरळ रेषेत पार केलेला हा माणूस.

आमच्या वाट्याला आले मेहरचंद महाजन. त्यांचीही वाट वकिलीतूनच सुरू झाली, पण तिला वळणं फार. लाहोरची वकिली, मग हायकोर्टाचे न्यायाधीश. १९४७ साली पंजाबची सीमा आखायला नेमलेल्या आयोगावर ते सदस्य होते. त्यानंतर लगेच जम्मू-काश्मीरचे पंतप्रधान, म्हणजे महाराजा हरिसिंहांच्या सहीनं संस्थान भारतात आलं तेव्हा दरबारात सल्ला द्यायला हेच. पुढं १९५४ मध्ये देशाचे सरन्यायाधीश. सेनापती बापटांनी सीमाप्रश्नासाठी १९६६ मध्ये मुंबईत उपोषण केलं, त्यानंतर केंद्रानं महाजनांचा एकसदस्य आयोग नेमला. १९६७ चा अहवाल असा: निपाणी, खानापूर, नंदगड धरून २६४ गावं महाराष्ट्राला द्यावीत, त्याबदल्यात महाराष्ट्राकडची काही गावं म्हैसूरला जावीत, आणि बेळगाव शहर म्हैसूरकडेच राहावं. महाराष्ट्रानं अहवाल नाकारला. कर्नाटक आजही म्हणतं, तोच अंतिम.

दोन वकील, दोन सल्ले. एकाचा कायदा झाला आणि दुसऱ्याचा अहवाल कपाटात राहिला. महाजनांचा अहवाल बरोबर की चूक, यावर आमच्याकडे रात्र सरेल इतकं बोललं जातं, आणि माझंही मत आहे: गावाचा घटक सोडून त्यांनी शहराला वेगळं माप लावलं. पण कायद्याच्या नजरेनं पाहिलं तर प्रश्न निराळा आहे. राज्याची सीमा बदलायचा अधिकार घटनेच्या कलम ३ नं संसदेला दिला आहे. आयोग कितीही मोठ्या न्यायाधीशाचा असो, तो फक्त शिफारस करतो. सरन्यायाधीश खुर्चीवरून बोलले तर तो निकाल. तेच निवृत्त होऊन आयोगात बसले की तो सल्ला. माणूस तोच, नातं बदललं. 'महाजन निकाल' हा शब्द आपल्याकडे रूढ आहे, तो या कारणानं चुकीचा.

म्हणूनच महाराष्ट्र २००४ मध्ये सुप्रीम कोर्टात गेला. कलम १३१ सांगतं की दोन राज्यांत किंवा राज्य आणि केंद्रात कायदेशीर हक्काचा वाद असेल तर तो थेट सुप्रीम कोर्टातच चालतो, खालच्या कोर्टातून चढत जावं लागत नाही. महाराष्ट्राचं म्हणणं, १९५६ ची वाटणी करताना सगळीकडे सारखं तत्त्व लावलं नाही, ८६५ गावांवर अन्याय झाला. कर्नाटकाचं म्हणणं, हा संसदेचा प्रांत आहे, कोर्टाचा नाही. दावा लागला तेव्हा आमच्याकडे पेढे वाटले गेले होते. तेव्हा जन्मलेली पोरं आता मतदान करतात.

चळवळ कोर्टात गेली की पुढाऱ्याचं काम बदलतं. रस्त्यावर आवाज लागतो, दाव्यात जनगणनेचे तक्ते लागतात, जुन्या शाळांचे दाखले, खरेदीखतं, ग्रामपंचायतीचे मराठी ठराव लागतात. हे सगळं गोळा करून दिल्लीतल्या मोठ्या वकिलाच्या टेबलावर नीट लावून द्यायला मधे कुणीतरी असावं लागतं, ज्याला कायदाही कळतो आणि येळ्ळूर-कंग्राळीसारखी इथली गावंही कळतात. प्राध्यापक एन. डी. पाटील यांनी हे काम वर्षानुवर्षं केलं. ते सांगली जिल्ह्यातले, शेतकरी कामगार पक्षाचे, अर्थशास्त्रातले एमए आणि एलएलबी. १९७८ मध्ये महाराष्ट्रात सहकारमंत्री झाले. सीमाभागानं मात्र त्यांना मंत्री म्हणून कधी पाहिलं नाही. दाव्यासाठी नेमलेल्या तज्ज्ञ समितीचे अध्यक्ष म्हणून पाहिलं. त्यांचं निधन झालं १७ जानेवारी २०२२ ला. हा आमचा हुतात्मा दिन. १९५६ मध्ये याच तारखेला बेळगावात गोळीबार झाला होता.

या तारखेशी आणखी एक मृत्यू जोडलेला आहे. बॅरिस्टर नाथ पै यांनी १७ जानेवारी १९७१ ला बेळगावात हुतात्म्यांच्या स्मरणसभेत भाषण केलं आणि काही तासांत, १८ तारखेला, इथंच त्यांचा अंत झाला. वय अठ्ठेचाळीस. शहापुरातला नाथ पै चौक सगळ्यांना माहीत आहे. भाजी घेताना, रिक्षा ठरवताना ते नाव दिवसातून दहादा तोंडात येतं. पण ते बॅरिस्टर होते म्हणजे नक्की काय, हे समजून घ्यायचं तर १९६७ चं त्यांचं विधेयक बघावं.

वेंगुर्ल्यात जन्मलेले, काही शिक्षण बेळगावात झालेले, लंडनच्या लिंकन्स इनमधून बॅरिस्टर झालेले नाथ पै प्रजासमाजवादी पक्षाकडून राजापूरचे खासदार होते, १९५७ पासून तीनदा. फेब्रुवारी १९६७ मध्ये गोलकनाथ खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की मूलभूत हक्कांना कात्री लावणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही. मूलभूत हक्कांत तेव्हा मालमत्तेचाही हक्क होता. म्हणजे पुढं जमीन सुधारणा करायची तर वाट अडली. नाथ पैंनी एप्रिलमध्येच खासगी विधेयक आणलं: कलम ३६८ खाली संसदेला घटनेचं कुठलंही कलम बदलता यावं. विरोधी बाकावरचा एकटा खासदार, आणि त्याच्या विधेयकावर संयुक्त समिती बसली. ते मंजूर झालं नाही. पण नाथ पै गेल्यावर दहा महिन्यांत, नोव्हेंबर १९७१ मध्ये, इंदिरा गांधींच्या सरकारनं चोविसावी घटनादुरुस्ती केली, ती जवळपास त्याच वळणाची.

मला नाथ पैंबद्दल अतोनात आदर आहे आणि हे विधेयक पटत नाही. स्वातंत्र्यावर इतकं प्रेम करणाऱ्या माणसानं संसदेच्या हाती एवढं धारदार शस्त्र द्यायला नको होतं. आणीबाणी बघायला ते असते तर काय म्हणाले असते, असं मनात येतं. पण त्यांनी ते खासदार म्हणून, उघड सभागृहात, नावानिशी मांडलं. त्यावर वाद झाला, टीका झाली, सगळं नोंदलं गेलं. कुणा पंतप्रधानाच्या कानात हळूच सांगितलं असतं तर आज आपल्याला पत्ताही लागला नसता.

कानात सांगणाऱ्यांचा हा प्रकार अलीकडे वाढलाय आणि त्यामागेही कायदाच आहे. २००३ च्या एक्याण्णवाव्या घटनादुरुस्तीनं राज्याच्या मंत्रिमंडळाला विधानसभेच्या पंधरा टक्क्यांची मर्यादा घातली. कर्नाटकात २२४ आमदार, म्हणून मुख्यमंत्री धरून चौतीस मंत्री. उरलेल्या नाराजांचं काय करायचं? मग निघतात राजकीय सचिव, राजकीय सल्लागार, कायदा सल्लागार. सोबत कॅबिनेट दर्जा, गाडी, ऑफिस. दर्जा मंत्र्याचा असला तरी तो मंत्री नसतो: त्यानं मंत्रिपदाची शपथ घेतलेली नसते, मंत्रिमंडळाच्या निर्णयात त्याला मत नसतं, आणि विधानसभेत खात्याबद्दल त्याला कुणी जाब विचारू शकत नाही.

हाच सल्लागार आमदारही असेल तर पायाखाली एक सापळा असतो. घटनेचं कलम १९१ म्हणतं, आमदारानं सरकारकडून लाभाचं पद घेतलं आणि कायद्यानं त्या पदाला सूट दिलेली नसली तर आमदारकी जाते. खासदारांना तसंच कलम १०२. जया बच्चन यांची राज्यसभेची जागा २००६ मध्ये अशीच गेली. पैसे घेतले की नाही हा मुद्दा गौण, त्या पदावर पैसे मिळण्याची सोय आहे एवढं पुरे, असं सुप्रीम कोर्टानं त्यात म्हटलं. त्याच वर्षी सोनिया गांधींनी राष्ट्रीय सल्लागार परिषदेच्या अध्यक्षपदावरून असाच गदारोळ झाल्यावर खासदारकी सोडली आणि पोटनिवडणूक लढवून परत आल्या. नुसतं 'सल्लागार' हे पदसुद्धा एवढं महाग पडू शकतं.

ॲटर्नी जनरल आणि राज्याचे ॲडव्होकेट जनरल यांची गोष्ट वेगळी. ते सरकारचे सल्लागारच, पण घटनेनं निर्माण केलेले. सभागृहात उभं राहून बोलायचा त्यांना हक्क आहे, मत द्यायचा नाही. राजकीय सल्लागाराचा घटनेत उल्लेखही नाही.

आणखी एक फरक आहे, तो सामान्य माणसाच्या कामाचा. अशिलानं वकिलाला वकील म्हणून विश्वासानं सांगितलेली गोष्ट कायद्यानं झाकलेली असते. जुन्या साक्ष कायद्यात ते १२६ वं कलम होतं, नव्या कायद्यातही तीच सोय आहे. पुढं गुन्हा करण्यासाठीच सल्ला घेतला असेल तर संरक्षण नाही, एरवी अशिलाच्या संमतीशिवाय वकिलाला ते कोर्टातही उघड करता येत नाही. राजकीय सल्लागाराशी झालेल्या बोलण्याला असलं काही पांघरूण नाही. खोलीत बसलेला माणूस तोच, कोटही तोच, पण तुम्ही अशील म्हणून बसलात की उमेदवार म्हणून, यावर सगळं अवलंबून.

आमच्या गल्लीत एक वयस्क वकील होते. विधानसभेचे अर्ज भरायच्या आठवड्यात त्यांच्या दारात सगळ्या पक्षांच्या चपला दिसायच्या. राष्ट्रीय पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो. समितीवाल्याला अपक्षासारखे दहा लागतात, आणि दहाही त्याच मतदारसंघातले. ते एकेक नाव मतदार यादीशी ताडून बघत, प्रतिज्ञापत्राचा एकेक रकाना बोट ठेवून भरून घेत, कुणाची चूक निघाली तर त्याच्या विरोधकासमोर बोलत नसत. फी सगळ्यांना सारखी, पावतीही देत. फॉर्म संपला की प्रत्येक उमेदवार थोडा पुढं वाकून तेच विचारायचा, "साहेब, यंदा कसं वाटतंय?" ते पेनाला टोपण लावायचे, चष्मा काढून टेबलावर ठेवायचे आणि आत हाक मारून चहा सांगायचे.